साठ हजार लिटरांचं वाळवण

एक कृती आहे. पाणी ६०६ लिटर, कागद २७ किलो, सिमेंट ४३ किलो, वाळू २९ किलो. कागद पाण्यात घुसळून लगदा करायचा, त्यात सिमेंट आणि वाळू मिसळायची, साच्यात ओतायचं आणि सुकत ठेवायचं. तयार होतो तो पेपरक्रीटचा ठोकळा. वजनाला हलका, करवतीनं कापता येणारा आणि उष्णता अडवण्यात विटेपेक्षा कितीतरी सरस.

आकडे अडनिडे दिसतात, कारण ते मुळात अमेरिकन आहेत. १६० गॅलन पाणी, ६० पौंड रद्दी, ९४ पौंडांची सिमेंटची एक गोणी आणि पंधराएक फावडी वाळू. १९९० च्या दशकात न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि पश्चिम टेक्सासच्या कोरड्या मुलखात, आपलं घर आपणच बांधायचं खूळ डोक्यात घेतलेल्या मंडळींमध्ये ही कृती पसरली. त्यांचा मिक्सरही घरगुतीच. भंगारातल्या मोटारीचा मागचा ॲक्सल, त्यावर २०० गॅलनची टाकी, डिफरन्शिअलचा दांडा टाकीच्या बुडातून वर काढलेला आणि त्याच्या टोकाला गवत कापायच्या यंत्राचं पातं. हे प्रकरण जीपमागे जोडून मैल-दीड मैल ओढत न्यायचं. चाकं फिरतात, पातं फिरतं, आत रद्दीचा लगदा होतो. माल कालवायला गावात चक्कर मारून यावं लागतं असं दुसरं बांधकामयंत्र माझ्या ऐकिवात नाही.

पण या कृतीतला खरा धक्का तिच्या पहिल्याच आकड्यात आहे. घन पदार्थ सगळे मिळून ९९ किलो आणि पाणी त्याच्या सहापट. सिमेंटला यातलं किती पाणी हवं असतं? सिमेंट घट्ट होतं ते रासायनिक क्रियेनं, आणि त्या क्रियेत आपल्या वजनाच्या सुमारे पावपट पाणी ते कायमचं बांधून घेतं. ४३ किलो सिमेंटला साधारण १० लिटर. म्हणजे ६०६ लिटरांतले १० लिटर भिंतीत राहणार आणि उरलेले ५९६ लिटर घराबाहेर काढायचे. पेपरक्रीटला लोक कागदाचं घर म्हणतात. हिशेब मांडला की दिसतं, हा मुख्यतः पाणी हलवायचा धंदा आहे, आणि कुठल्या गावात ते किती वेळात हलतं यावर बाकी सगळं ठरतं.

मग एवढं पाणी घालायचंच कशाला? कागदातले तंतू सुटे व्हावेत म्हणून. लाकडाचा एक तंतू जेमतेम दोन मिलिमीटर लांब आणि केसापेक्षा बारीक. एक ग्रॅम कागदातले तंतू सोडवून एकापुढे एक ठेवले तर त्यांची लांबी चारेक किलोमीटर भरते. २७ किलोंची एक लाख किलोमीटरांच्या वर, म्हणजे विषुववृत्ताभोवती अडीच फेऱ्या मारून दोरा उरेल. तंतूंची संख्या ५,४०० कोटींच्या घरात जाते. यातला प्रत्येक तंतू शेजाऱ्यापासून सुटला पाहिजे आणि त्याच्याभोवती सिमेंटचं पाणी फिरलं पाहिजे. कमी पाण्यात पातं फिरवलं तर लगदा होत नाही, गोळे होतात.

यात एक गंमतही आहे. हा कागद कधीकाळी पाण्यातूनच निघालेला असतो. कागदगिरणीत जाळीवर पडणाऱ्या द्रवात ९९ टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असतं. जाळीतून ते गळतं, मग रुळांमध्ये पिळलं जातं आणि शेवटी वाफेनं तापवलेल्या लोखंडी नळकांड्यांवरून जाताना उडतं. वर्तमानपत्री कागदाची मोठी यंत्रं मिनिटाला दीड किलोमीटरहून जास्त कागद काढतात. रस्त्यावरच्या मोटारीच्या वेगानं पळणारा हा कागद सगळा कोरडा होऊन गुंडाळला जायला काही सेकंद पुरतात. गिरणीनं कोळसा जाळून काढलेलं पाणी आपण अंगणात पुन्हा त्यात ओततो आणि ऊन पडायची वाट बघत बसतो.

गिरणीचा एक धडा मात्र अंगणातही लागू पडतो. पाणी गळू द्यावं, पिळून काढावं, आणि यापैकी काही जमेनासं झालं की मगच उडवावं. का, ते आकड्यांत पाहू. साचे जाळीवर ठेवले तर ६०६ लिटरांतले साडेतीनशेच्या आसपास लिटर पहिल्या दिवसांतच खाली निथळून जातात. निथळलेल्या लगद्यात तरीही तंतूंच्या आठ-नऊपट पाणी अडकून राहतंच, तेव्हा मागे २५० लिटर उरले असं धरू. गळालेलं पाणी सरासरी एक फूट खाली आलं असेल तर गुरुत्वाकर्षणानं त्यासाठी केलेलं काम भरतं सुमारे एक किलोज्यूल. तेवढ्या उष्णतेत अर्धा ग्रॅम पाणीसुद्धा उडत नाही! तेच साडेतीनशे लिटर वाफ करून घालवायचे म्हटलं तर आठ लाखपटीहून जास्त ऊर्जा लागली असती. पिळण्याचंही तसंच. हवेच्या दाबाइतक्या दाबानं एक लिटर पाणी पिळून काढायला १०० ज्यूल पुरतात, तेच लिटर उडवायला साडेचोवीस लाख ज्यूल. साच्यावर झाकण ठेवून वर दगड रचणारा माणूस भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं फार हुशार. त्याचा तोटा एवढाच की दाबलेला ठोकळा घट्ट होतो, त्यातली हवा जाते आणि तो उष्णता पहिल्याइतकी अडवत नाही.

गळणारं पाणी मोरीत सोडू नये. ते चुन्याच्या निवळीसारखं दाहक असतं, हातांची सालं काढतं. खाली धरून ठेवलं तर पुढच्या घाण्याला मात्र बरोबर उपयोगी पडतं.

आता उरलेल्या २५० लिटरांकडे वळू. दहा लिटर सिमेंटनं गिळले, २४० लिटर उडायचे. त्याला लागणारी उष्णता १६३ युनिट विजेइतकी, म्हणजे स्वयंपाकाच्या १४.२ किलोंच्या सिलिंडरमधल्या जवळजवळ सगळ्या गॅसइतकी, आणि तीही एक ज्यूल वाया न घालवता. हे एका घाण्याचं झालं. एका घाण्यात किती भिंत होते? सुकलेल्या पेपरक्रीटचं वजन घनमीटरला ५०० किलो धरलं तर साधारण पाव घनमीटर, किंवा त्याहून थोडी कमीच.

एक छोटंसं घर घेऊ. वीस फूट बाय पंचवीस फूट, दहा फूट उंच, भिंती एक फूट जाडीच्या. दारं-खिडक्या वजा जाता साडेसातशे घनफूट भिंत. त्यासाठी शंभरेक घाणे लागतात. शंभर घाण्यांचं पाणी साठ हजार सहाशे लिटर, सहा टँकर. रद्दी २.७ टन. वर्तमानपत्राचा अंक शंभर ग्रॅमचा धरला तर २७ हजार अंक, म्हणजे एकच पेपर रोज घेणाऱ्या कुटुंबाची चौऱ्याहत्तर वर्षांची रद्दी. सिमेंट ४.३ टन, आपल्याकडच्या ५० किलोंच्या ८६ गोण्या. या घराला कागदी म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या आकड्याकडे जरा बघावं. वजनात सिमेंट कागदाच्या दीडपट आहे, आणि एक टन सिमेंट तयार होताना ६०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पर्यावरणाच्या नावानं या घराची जेवढी भलामण होते तेवढी मला पटत नाही. स्वस्त आहे, हलकं आहे, थंड राहतं, हे मान्य.

उडवायचं पाणी २४ हजार लिटर. उष्णता हवी नव्वद सिलिंडरांची. ती उन्हातून फुकट येते, पण किती वेगानं? भारताच्या बहुतेक भागात चौरस मीटर जमिनीवर दिवसाला चार ते सात युनिट सौरऊर्जा पडते. पाच धरली आणि तिचा कण न कण पाणी उडवण्यात खर्च झाला असं मानलं, तर चौरस मीटरमागे दिवसाला सव्वासात लिटर. शंभर चौरस मीटरच्या खळ्यात ठोकळे पसरले तर २४ हजार लिटरांना ३३ दिवस. प्रत्यक्षात बरंच ऊन परावर्तित होतं, बरंच जमीन तापवण्यात जातं, तेव्हा याची तिप्पट धरली तरी हरकत नाही.

पण उष्णता हा अर्धाच हिशेब झाला. वाफ झाली तरी ती न्यायला हवा लागते. आणि इथे एका गावाचं नशीब दुसऱ्यापासून फार वेगळं असतं.

एक घनमीटर हवेत शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७, ३० अंशांना ३०, ४० अंशांना ५१. मुंबईची जुलैमधली हवा घ्या, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. तीसपैकी साडेपंचवीस ग्रॅमची जागा आधीच भरलेली, रिकामी साडेचार. ॲरिझोनातल्या फीनिक्सची जूनमधली दुपार घ्या, ४० अंश आणि १० टक्के. एक्कावन्नपैकी सेहेचाळीस ग्रॅमची जागा रिकामी. दहापट फरक. मात्र या आकड्यांत एक फसगत आहे. पाणी उडताना उष्णता घेतं, आणि ऊन नसेल तर ती त्याच हवेतून घेतं. हवा गार होत जाते आणि गार हवेत वाफ कमी मावते. फीनिक्सची ४० अंशांची हवा ओल्या ठोकळ्यांवरून जाताना १९ अंशांच्या आसपास येऊन थांबते. तोवर तिनं घनमीटरमागे उचललेली वाफ सेहेचाळीस नव्हे, दहाच ग्रॅम. कूलरचा सगळा कारभार यावरच चालतो. मुंबईची हवा २८ अंशांना येऊन थांबते आणि उचलते जेमतेम एक ग्रॅम. गणित पुरतं बदललं, पण दहापट जवळजवळ तशीच राहिली. मुंबईत कूलर का चालत नाही, हेही यातूनच कळतं.

म्हणजे एक लिटर पाणी न्यायला फीनिक्समध्ये शंभर घनमीटर हवा लागते, मुंबईत हजार. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा असते. मुंबईत एका लिटरसाठी अशा पस्तीस खोल्यांची हवा. संपूर्ण घराचे २४ हजार लिटर न्यायचे तर दोन कोटी चाळीस लाख घनमीटर! दादरचं शिवाजी पार्क सुमारे अठ्ठावीस एकर आहे. त्या अख्ख्या मैदानावर २१० मीटर उंचीपर्यंत, म्हणजे सत्तर मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत जेवढी हवा उभी असते तेवढी या एका घराच्या ठोकळ्यांवरून जायला हवी. फीनिक्समध्ये तेवढ्याच मैदानावरची सातव्या मजल्यापर्यंतची हवा पुरेल.

त्यासाठी फीनिक्सलाच जायला हवं असं नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातली दुपार या बाबतीत ॲरिझोनाच्या फारशी मागे नसते. दहापटीचा हा फरक एकट्या महाराष्ट्रात, दोन महिन्यांच्या अंतरात बघायला मिळतो.

एवढा मोठा आकडा पाहून खचायला नको, कारण वारा काय करतो ते अजून मोजलेलं नाही. ठोकळ्यांची रास दहा मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि मध्ये फटी ठेवून रचली, आणि तिच्यातून सेकंदाला दोन मीटर वेगाची झुळूक गेली, तर सेकंदाला चाळीस घनमीटर हवा पार होते. शिवाजी पार्कवरची ती सत्तर मजली हवा अशा झुळकीनं आठवड्याभरात संपते. मग मुंबईतही आठवड्यात घर का सुकू नये? कारणं दोन. एक आभाळातून येतं, दुसरं ठोकळ्याच्या पोटात आहे.

पहिलं, पाऊस. सांताक्रूझला जुलै महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. तेव्हा दिवसाला प्रत्येक चौरस मीटरवर सव्वीस लिटरच्या वर पाणी पडतं. ढगाळ जुलैचं ऊन फार तर पाच-साडेपाच लिटर उचलू शकेल. आभाळ देतंय त्याचा पाचवा हिस्सा सूर्य नेतोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ एक टन पाणी. ढगांआडच्या उन्हाला तेवढं उडवायला सहा महिने लागले असते. ताडपत्री घालावी तर पाऊस अडतो आणि त्याबरोबर ऊन आणि वाराही. रत्नागिरीत वर्षाला तीन मीटरवर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. पण तो आटोपला की नोव्हेंबर ते मे असे सात महिने तिथलं आभाळही कोरडं. हे गणित आपल्या वीटभट्टीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते कच्ची वीट दिवाळीनंतर पाडायला घेतात आणि मृगाच्या आत भट्ट्या आवरतात. कोकणात कुणाला पेपरक्रीट करून बघायचं असेल तर त्यानं अमेरिकेतली पुस्तकं बाजूला ठेवून जवळच्या भट्टीवर जाऊन विचारावं.

इथे एक कोडं आहे, जे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत चमत्कारिक वाटतं. जिथे पेपरक्रीट झकास सुकतं तिथे ते करायला पाणी नसतं, आणि जिथे पाणी मुबलक तिथे ते सुकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्या दहा वाघिणींत प्रत्येकी सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होतं. आपलं वीस बाय पंचवीसचं घर यातली एक वाघीण पिऊन दुसरीला तोंड लावतं. लातूरचा एप्रिल सुकवायला उत्तम, पण तिथे त्या दिवसांत रद्दी भिजवायला साठ हजार लिटर मागणाऱ्याला लोकांनी काय ऐकवलं असतं, याची कल्पना करावी. निथळलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरलं तर गरज निम्म्याहून खाली येते. कोरड्या मुलखात ही काटकसर ऐच्छिक राहत नाही.

दुसरं कारण ठोकळ्याच्या पोटातलं. सुकण्याचे दोन टप्पे असतात. सुरुवातीला आतलं पाणी बारीक छिद्रांतून आपसूक पृष्ठभागाशी येत राहतं, पृष्ठभाग ओला राहतो, आणि वेग हवेवर ठरतो. फीनिक्स मुंबईला दहापटीनं हरवतं ते या टप्प्यात. मग कधीतरी पाण्याची ही साखळी तुटते. बाहेरून ठोकळा पांढरा आणि कोरडा दिसतो, पण ओल आत मागे सरते, आणि तिची वाफ होऊन चक्रव्यूहासारख्या छिद्रांतून रेणूरेणूनं बाहेर यावं लागतं. या टप्प्यात हवेची मातब्बरी कमी होते आणि जाडीची सुरू होते. इथला नियम वर्गाचा आहे. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट, तिप्पट केली की नऊपट. उडदाचा पापड आणि सांडगा एकाच गच्चीवर एकाच उन्हात ठेवून कोणत्याही आजीनं हा नियम पाहिलेला असतो.

हा नियम किती भयंकर आहे ते पाहायला एक खेळ करू. वर्तमानपत्राचा कागद ०.०७ मिलिमीटर जाड असतो. गिरणीतल्या तापलेल्या नळकांड्यांवर तो दहा सेकंदांत सुकतो असं धरा. तोच कागद दहा सेंटिमीटर जाड असता तर? जाडी सुमारे १,४३० पट, वेळ वीस लाख पट. दहा सेकंदांचे होतात २३६ दिवस, जवळजवळ आठ महिने. पाच सेंटिमीटरला दोन महिने. पंधराला दीड वर्ष. आणि साचा जागेवरच उभा करून एक फुटाची भिंत एकसंध ओतली तर पावणेसहा वर्षं!

हा खेळच आहे, अंदाजपत्रक नव्हे. तापलेलं लोखंड आणि अंगणातलं ऊन यांची तुलना होत नाही, आणि पेपरक्रीट कागदासारखं दाबलेलं नसतं, त्यात निम्म्याहून जास्त पोकळी असते, त्यामुळे ते या हिशेबापेक्षा पुष्कळ लवकर सुकतं. न्यू मेक्सिकोच्या उन्हाळ्यात विटेएवढे ठोकळे काही आठवड्यांत वापरण्याजोगे होतात. पण आकड्यांमधलं प्रमाण खरं आहे. पाच सेंटिमीटरच्या आणि तीस सेंटिमीटरच्या ठोकळ्यांत, बाकी सगळं सारखं असताना, छत्तीसपट अंतर राहतं. हवामानाचा फरक दहापट, जाडीचा छत्तीसपट. हवामान बदलायचं तर गाव बदलावं लागतं. जाडी साचा करणाऱ्या सुताराला सांगून बदलते. म्हणूनच दमट प्रदेशात भिंत ओतणाऱ्यांनी पस्तावून सोडून दिलेलं काम पातळ फरशा पाडणाऱ्याला साधू शकतं. एक फुटाची भिंत हवी असेल तर पातळ ठोकळे आधी सुकवून मग रचावेत. ठोकळे दोन-तीन दिवसांनी धरवले की कडेवर उभे करावेत. आडवा ठोकळा एका बाजूनं सुकतो, उभा दोन्ही बाजूंनी, आणि ओलीला बाहेर पडायचं अंतर निम्मं झालं की वेळ पाव होतो. मजुराच्या एका फेरीत चौपट वेग.

नेहमीच्या काँक्रीटशी हे सगळं किती उफराटं आहे! स्लॅब टाकला की आपण त्यावर वाफे करून पाणी साठवतो, गोणपाटं भिजवतो. भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगतं. पेपरक्रीटवर कुणी पाणी मारायची गरज नसते. लगदा स्वतःच इतकं पाणी धरून बसतो की सिमेंटची तहान भागून पुष्कळ उरतं. अपवाद भाजून काढणाऱ्या वाळवंटी वाऱ्याचा, तिथे वरची पातळ साय सिमेंट धरण्याआधीच कोरडी पडते आणि बोटानं भुरभुरते.

थंडीची गोष्ट वेगळी. न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्क सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या सरासरी जुलैच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण हिवाळ्यातल्या रात्री शून्याखाली जातात. पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, आणि अर्धवट ओला ठोकळा आतून उकलतो. तेव्हा तिथल्या माणसाचं वर्षही बारा महिन्यांचं नसतं, वसंतातल्या शेवटच्या दहिवरापासून शरदातल्या पहिल्या दहिवरापर्यंतचं असतं, आणि त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वादळी सर हमखास येते. लेह तर साडेतीन हजार मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी, आणि विरळ हवेत वाफेचे रेणू दीडपट सहज पसरतात. पाऊस वर्षाला शंभरेक मिलिमीटर. उन्हाळ्याचे चार महिने तिथे सुकवण्याला तोड नाही. पुढे उणे दहा अंशांना हवेत मावते अडीच ग्रॅमहूनही कमी वाफ, आणि सिमेंटची क्रियाही जवळजवळ थांबते.

ठोकळा सुकला हे ओळखायचं कसं? हात लावून कळत नाही, वरून तो आठवड्यातच कोरडा वाटतो. वजनकाटा हवा. एकच ठोकळा खुणेचा म्हणून बाजूला ठेवायचा आणि दर आठवड्याला तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की झालं. घाई का करू नये, त्यालाही आकडा आहे. पाणी हवेपेक्षा तेवीसपट सहज उष्णता वाहून नेतं. पोकळ्यांत हवेऐवजी पाणी असलेली भिंत उष्णता अडवायचं कामच करत नाही, आणि कागदाला बुरशी लागायची भीती वेगळी. सिमेंटचा क्षार बुरशीला सुरुवातीला दूर ठेवतो, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो वर्षागणिक मंदावत जातो.

शिवाय वजन कुठे थांबेल हेही गावावर आहे. कागद हवेतली ओल सतत घेतो आणि सोडतो. कोरड्या हवेत तो आपल्या वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी बाळगतो, कोकणातल्या श्रावणात बारा-तेरा टक्के. आपल्या घरात कागद आहे २,७०० किलो. त्यातला सात टक्क्यांचा फरक म्हणजे १८९ किलो. एक थेंबही न गळता, रत्नागिरीतल्या या घराच्या भिंती दर पावसाळ्यात जवळजवळ एक पिंपभर पाणी हवेतून ओढून घेऊ शकतात. ते पाणी हिवाळ्यात परत बाहेर पडायला वाट हवी. ऑइलपेंट फासला तर ती बुजते आणि पिंप वर्षानुवर्षं भिंतीतच राहतं. चुन्याचा गिलावा वाफेला जाऊ देतो. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल, कारण त्याला त्याचीच सवय असते. त्याच्याशी वाद घालायची तयारी ठेवावी.